आडवी बाटली

आतल्या खोलीत ट्रंकेची कडी खणकन वाजली आणि दुपारची शांतता मोडली. तान्ह्याला मांडीवर थोपटणारा कलावतीचा हात जागीच थांबला. आबांनी बूच काढायचा स्क्रू काढला होता. म्हणजे आजच.

आबा म्हणजे डोमाजी, तिचे सासरे, जबलपूरच्या छावणीत एका ऑफिसर मेसमध्ये बत्तीस वर्षं वाढपी होते. साहेबांच्या ग्लासात लाल वाइन ओतण्यात उमर गेली, पण जिभेवर थेंब नाही. पंचशील घेतलेला माणूस. निवृत्तीच्या दिवशी एका कर्नलसाहेबांनी त्यांना बाटली दिली. म्हणाले, ही अजून लहान आहे, दहा वर्षं हात लावू नकोस. तेव्हापासून ती शहरातल्याच चेरीताल मोहल्ल्यातल्या या घरात, माठाखालच्या ओल्या वाळूत आडवी निजलेली. आडवीच. बूच आतून ओलं राहिलं पाहिजे. वाळलं की हवा शिरते आणि सगळं आंबतं. आज दहा वर्षं पुरी झाली होती.

कलावतीला तिचं भारी कुतूहल. लग्न होऊन आली तेव्हापासून विचारायची, "आबा, शिळं झालेलं चांगलं कसं लागत असन?"

"शिळं नाही म्हणत, बेटा. नवी वाइन म्हणजे कच्चं जांभूळ, जीभ धरते. जुनी झाली का तुरटपणा मऊ पडते. मग त्यातून मनुका निघते, तंबाखूचं पान निघते, भिजलेलं सागवान निघते. वास घेतला का बोलता बोलता साहेब लोक चूप व्हायचे. आपण ग्लास नाकाशी न्यायचा नाही, असा मेसचा कायदा. एकदा नेऊन पाहायचा आहे. बस."

दोन वर्षांपूर्वी आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे नागपूरला गेले, ते वर्षभर राहिले. त्या बुद्धपौर्णिमेला, चुना मारायच्या धांदलीत, कलावतीने बाटली उचलून फडताळात लोणच्याच्या बरण्यांमागे ठेवली. उभी. हाताला वळणच तसं. आबा यायच्या आदल्या दिवशी आठवलं, तेव्हा गुपचूप पुन्हा वाळूत निजवली. सांगायचं राहूनच गेलं. खरं म्हणजे धीर झाला नाही.

ती बाळाला घेऊन आत आली. सहा वर्षांची यशोधरा रविवारी विहारात म्हणायचं पंचशील बोटांवर घोकत होती. "चौथं, खोटं बोलणार नाही. पाचवं, दारू पि... आबा! पाचवं!"

"अरे, पिऊन कोण राहिलं? वास घेतो फक्त. नाकाला शील नाही."

"पक्का?"

"एकदम पक्का, थानेदारीणबाई."

बूच निघालं ते भुगा होऊन. आबांनी तो भुगा दोन बोटांत चोळून पाहिला. कधीतरी वाळून तडकलेल्या बुचाचा. मेणबत्ती लावून बाटलीच्या मानेमागे ठेवली आणि मेसमध्ये ओतायचे तशी हळूहळू वाइन ओतली. उजेडात काळा गाळ मानेशी येताना दिसला तसा हात थांबला. ग्लासात विटकरी काठाचा लाल रंग. इतका सुंदर की कलावतीला क्षणभर आशा वाटली.

मग तो वास दारापर्यंत आला. आंबट, नाकाला झोंबणारा.

आबांनी ग्लास नाकाशी नेला. डोळे मिटले. उघडले तेव्हा ते कलावतीकडे पाहत होते. तिच्या घट्ट मिटलेल्या ओठांकडे, खांद्यावरच्या बाळाकडे.

"आबा, मी ती बाटली..."

"चूप, बेटा. इथं बोलत नसतात." त्यांनी पुन्हा वास घेतला. "मनुका आहे. तंबाखूचं पान आहे. अन् सागवान... अगदी भिजलेलं. साहेब लोक खरं बोलत होते."

ग्लास दोन बोटांत सरळ धरून, एक थेंबही हिंदकळू न देता, ते मोरीकडे गेले.

यशोधराने बाटलीच्या तोंडाशी नाक नेलं आणि झटकन मागे घेतलं. "ई! हे तर सिरक्यातल्या आंबट कांद्यासारखं!"

मोरीत पाणी सोडल्याचा आवाज आला. पोरीने बोटं पुन्हा मोजली, एकेक करून, आणि वर पाहिलं.

"आई, आबांनी पाचवं नाही मोडलं. पण चौथं?"