मागच्या भिंतीजवळची मशाल

मशाल म्हटले की मिरवणूक डोळ्यांसमोर येते. मित्रांनो, माझ्या नशिबी मिरवणूक नव्हती. शहरभरचे सांडपाणी जिथे शुद्ध होते, त्या केंद्राच्या मागच्या भिंतीजवळ मी उभी आहे. एक जुनी, उंच लोखंडी नळी, तोंडाशी काजळलेली. गॅस जाळणे हे माझे काम, म्हणून सगळे मला मशाल म्हणतात.

गॅस येतो कुठून ते सांगते, नाक मुरडू नका. सांडपाण्यातला गाळ बंद टाक्यांमध्ये उबेला ठेवतात. तिथे तो सडतो, फसफसतो आणि त्यातून गॅस निघतो. हा गॅस पेटतो, शिवाय त्यात थोडा विषारी वायूही असतो. मोकळा सोडला तर माणसाच्या जिवावर बेततो. म्हणून तो माझ्याकडे पाठवत आणि मी पावसापाण्यात तो जाळत राही. कौतुक कुणी केले नाही. पण भिंतीपलीकडच्या घरांतली मुले खिडकीतून माझी ज्योत बघत जेवत, एवढे मला पुरे होते.

टाक्यांवर काम करणाऱ्यांत एक जण होता, त्याला सगळेच दादा म्हणत. वडिलांच्या पश्चात त्याने धाकट्या बहिणीला वाढवले, शिकवले. ती इंजिनिअर झाली आणि आमच्याच केंद्राचे काम तिच्याकडे आले. गॅस नुसता जाळण्याऐवजी त्यावर इंजिन चालवायचे, इंजिनाने वीज करायची आणि त्याच्याच गरम पाण्याने टाक्या उबदार ठेवायच्या, अशी तिची योजना होती. गॅस सकाळी किती निघतो, दुपारी किती, त्यात पाण्याची वाफ किती, हे ती उन्हात उभी राहून मोजायची. दादा तिच्या डोक्यावर छत्री धरायचा आणि बाकीचे त्याची टर उडवायचे. त्याला त्याचे काही नव्हते. बहिणीचा विषय निघाला की स्वारीची छाती फुगायची.

मोठ्या साहेबांनी नकाशा पाहून विचारले, की आता सगळा गॅस इंजिनाला जाणार, मग ही काळी बया कशाला ठेवायची? मला ते फार लागले. ती मात्र शांतपणे म्हणाली, "साहेब, इंजिन कधीतरी बंद पडणारच. त्या वेळी टाकीला थांब म्हणून सांगता येत नाही. गॅसला जायला वाट हवी."

अशी मी राहिले. इंजिन सुरू झाले आणि मी विझले; गॅस आलाच तर पेटता यावे म्हणून तोंडाशी आपोआप ठिणगी पडायची सोय तेवढी राहिली. खोटे कशाला बोलू, मला वाईट वाटले. इंजिनाला सगळे पुसून लख्ख करत आणि माझ्या अंगावर मात्र गंज चढत गेला. पाहुणे आले की साहेब माझ्याकडे बोट दाखवून सांगत, की आमची मशाल पेटतच नाही, एवढासुद्धा गॅस वाया जात नाही.

त्यातून एक रीत पडली. इंजिनाला जास्त झालेला गॅस माझ्याकडे आला आणि मी क्षणभर जरी पेटले, तरी त्या पाळीच्या माणसांनी पुढच्या पाळीला चहा पाजायचा. होती गंमतच, पण ती दादाला झोंबायची. बहिणीचे मशीन दमले वाटते, असे कुणी म्हटले की त्याचा चेहरा उतरायचा. माझे पेटणे म्हणजे बहिणीच्या कामातली खोट, असे त्याने मनाशी धरून घेतले.

एके दिवशी टाकीच्या छपरावर जाऊन त्याने माझ्याकडे येणाऱ्या नळाचे चाक फिरवून बंद केले. कुणाला सांगितले नाही. थोडा जादा गॅस टाकीच्या घुमटात मावायचा, त्यामुळे लगेच काही बिघडले नाही. माझ्या रिकाम्या नळीत वारा घुमायचा आणि माझा जीव टांगणीला लागायचा. मला तोंड आहे, पण आवाज नाही.

मग ती दुपार आली. बहीण इंजिनाच्या तपासणीला आली होती. पाण्याचा पंप बंद पडला, इंजिन तापले आणि आपोआप थांबले. असे कधीतरी होणार हे तिने धरलेलेच होते. ती बाहेर येऊन माझ्याकडे बघू लागली. मी पेटायला हवे होते, पण मी काळीच राहिले. टाकीतला दाब वाढत गेला आणि शेवटी छपरावरची झडप उघडून गॅस फुसफुसत बाहेर पडू लागला.

काय झाले ते दादाच्या लक्षात आले. छपरावर एकट्याने जायचे नाही, मास्क लावल्याशिवाय जायचे नाही, हे त्यानेच सगळ्यांना शिकवलेले. तरी तो तसाच जिना चढला. त्याने चाक फिरवले आणि गॅस माझ्याकडे धावत आला. मी भडकून पेटले. खाली बहिणीच्या जिवात जीव आला. "पेटली," ती म्हणाली आणि हसली. मला मात्र उंचावरून दिसत होते, की दादा चाकाला धरून खाली बसला आहे आणि हळूहळू कलंडतो आहे. मित्रांनो, मी जितकी जोरात जळत होते, तितकी तिची खात्री पटत होती की सगळे ठीक आहे. माझ्याच उजेडाची मला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

थोड्या वेळाने तिने विचारले, "दादा कुठे आहे?"

मास्क लावून माणसे वर गेली आणि त्याला उचलून खाली आणले. तो वाचला. पण आता त्याला जिना चढवत नाही आणि बोलता बोलता त्याचे शब्द हरवतात.

पुष्कळ दिवसांनी बहीण त्याला हाताला धरून इथे घेऊन आली. माझ्यासमोरच्या कट्ट्यावर दोघे बसले. त्याने अडखळत स्वतःच सांगितले, "तुझ्या कामाला कुणी नावं ठेवू नयेत, म्हणून बंद केलं होतं गं."

तिने त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला.

"दादा, मशालही माझंच काम होतं. टाकीवर तू असायचास, म्हणून तर मी ती ठेवून घेतली."

आता ते चाक साखळी घालून उघडेच बांधून ठेवले आहे. मी पेटले तरी कुणी चहा मागत नाही. मित्रांनो, तुमच्या शाळेतही कोपऱ्यात एखादी वाळूची बादली असेल, कधीच न वापरलेले मागचे दार असेल. त्याला हसू नका, त्याच्यापुढे बाकडी रचून ठेवू नका. कुणीतरी कुणाच्या तरी काळजीपोटी ते तिथे ठेवलेले असते. कदाचित तुमच्याच.