चोक्लोची साक्षीदार

मी मेणअळी बोलते आहे. आबेलिनोच्या घरात माझ्याबद्दल एक नियम होता: मधपेटीत पांढरी अळी दिसली की चिरडायची, आणि का ते विचारायचं नाही.

नियमाला कारण होतं. आम्ही मेण खातो, पोळ्यात बोगदे खणतो आणि जाताना जाळ्यांचा गुंता मागे ठेवतो. मधावर पोट असलेल्या माणसाने आमचे लाड करावेत, असं मी म्हणणार नाही. पण ज्या नियमाला प्रश्न चालत नाही, त्याचा मला राग येतो. अळीला कसला राग, असं म्हणाल. कुणाच्या तरी चिमटीत सापडून बघा.

माझा जन्म चिलीतल्या वाल्दिव्हिया शहराबाहेरच्या टेकडीवर, उल्मोच्या झाडांखालच्या एका जुन्या पेटीत झाला. एकदा झाकण उघडलं, चौकट वर उचलली गेली आणि मी उजेडात आले. चौकट रायेनच्या हातात होती. ही आबेलिनोची नात, शहरातल्या विद्यापीठात जनावरांच्या आजारांचा अभ्यास करणारी.

"चिरड," आबेलिनो म्हणाला.

"का, ताता?"

"का म्हणजे? माझा बाप चिरडायचा, त्याचा बाप चिरडायचा."

"मग मला द्या. मला हव्यात."

"जनावरांची डॉक्टर व्हायला पाठवली, तर ही अळ्या पाळणार. कोण लग्न करेल हिच्याशी?"

"ज्याला अळ्यांची भीती वाटत नाही तो."

अशी मी चिमटीतून सुटले आणि बरणीत आले. तिथे कोंडा होता, मध होता, कपाटाची ऊब होती. मी खाऊन खाऊन टुमटुमीत झाले. फुकट कुणी खायला घालत नाही, हे मात्र मला लवकरच कळलं.

वस्तीच्या बालवाडीत मुलांना रक्ताची हगवण लागली. छोटी ओतिलिया तर दवाखान्यात सलाईनवर होती. बालवाडीत मुलं दोन कुत्र्यांशी खेळायची. एक चोक्लो. मक्याच्या कणसासारखा पिवळा, कुणाचाच नसलेला आणि म्हणून सगळ्यांचा. बसथांब्याजवळ त्याची लाकडी पेटी, हिवाळ्यात कुणीतरी विणलेला स्वेटर, प्रत्येक दारात पावाचा तुकडा. दुसरा दुके. वस्ती समितीचे अध्यक्ष एवारिस्तो यांनी दुकानातून आणलेलं चपट्या नाकाचं पिल्लू. एवारिस्तो रोज कौतुकाने ते मुलांच्या मांडीवर नेऊन ठेवायचे.

आळ कुणावर आला, ते सांगायला नको. समितीने ठरवलं की चोक्लोला गाडीत घालायचं आणि डोंगरापलीकडे सोडून यायचं. तिकडे सोडलेलं कुत्रं हिवाळा काढत नाही, हे ठरवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

रायेनने पुढच्या सभेपर्यंत मुदत मागितली. दोन्ही कुत्र्यांची विष्ठा तपासली, मुलांचे नमुने दवाखान्यातून मिळवले. तिन्हीकडे एकाच जातीचे जंतू निघाले.

"बघ, तुझ्या त्या पिवळ्याच्या पोटात सापडले ना?" एवारिस्तो म्हणाले.

"तुमच्या दुकेच्या पोटातही सापडले."

"दुकेचे कागद आहेत माझ्याकडे. त्याचा पणजोबा पॅरिसचा होता."

"मग जंतूही पॅरिसचेच असतील, अध्यक्षसाहेब."

जात एक असली म्हणून सगळे जंतू सारखेच घातक नसतात. एका आईची लेकरं तरी कुठे सारखी निघतात? नुसत्या नावावरून ते कळत नाही. कुणाच्या तरी अंगात शिरल्यावर ते काय करतात, हे पाहावं लागतं. तिथे आम्ही लागतो. माणसाच्या अंगाइतक्या उबेत आम्ही जगतो, आणि आमच्या अंगातला रस जंतूंशी झुंजतो, तुमचं रक्त झुंजतं तसाच. हरायला लागलो की आम्ही काळ्या पडतो. लपवाछपवी आम्हाला जमत नाही.

रायेनने आमच्या चार काचेच्या थाळ्या केल्या. माझ्या वाट्याला चोक्लोचे जंतू आले. मागच्या पायात बारीक सुई शिरली. अंग जड झालं, खाणं नकोसं झालं. शेजारच्या थाळीत दुकेचे जंतू घेतलेल्या माझ्या बहिणी आधी करड्या, मग कोळशासारख्या काळ्या झाल्या. मी माझी पाळी कधी येते, याची वाट बघत होते. ती आली नाही. जडपणा उतरला आणि मी कूस बदलली. त्या पिवळ्या कुत्र्याचे जंतू अंगात घेऊन मी जिंकले होते.

आत्ता मी समितीच्या खोलीतल्या टेबलावरून बोलते आहे. थाळ्यांची झाकणं पट्टी लावून घट्ट बंद केलेली आहेत. चूल पेटली आहे, चहा ओतलेला आहे, पण पावाला कुणी हात लावलेला नाही.

"दुकेच्या अळ्या मेल्या, मुलांच्या जंतूंच्याही मेल्या," रायेन म्हणते. "चोक्लोच्या जगल्या."

"सुई खुपसलीस म्हणून मेल्या असतील," एवारिस्तो म्हणतात. "मला खुपसलीस तर मीही मरेन."

"ही चौथी थाळी बघा. हिलाही तीच सुई होती, आत फक्त मीठपाणी. सगळ्या जिवंत."

"आबेलिनो, तू सांग. या किड्यांना तू ओळखतोस."

आबेलिनो चष्मा सावरतो आणि माझी थाळी डोळ्यांजवळ धरतो. ज्या अंगठ्याने माझं अख्खं कूळ चिरडलं, तो अंगठा आता काचेवर आहे. मी त्याच्याकडे डोकं वळवते आणि मुद्दाम दोन वळसे घेते.

"पांढरी आहे. चालते आहे," तो पुटपुटतो. "ठणठणीत आहे."

खोलीत खसखस पिकते. मला तर नाचावंसं वाटतं. आम्हाला एवढ्या उजेडात धरून 'ठणठणीत' म्हणणारा त्याच्या घरातला हा पहिलाच.

मी पतंग होणार नाही, हे मला माहीत आहे. काम संपलं की रायेन आमची थाळी थंड कपाटात ठेवेल. जंतू अंगात असलेल्या अळीला बाहेर सोडता येत नाही, आणि तिथे झोप येते म्हणतात. तक्रार नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. एखाद्याला चिरडायच्या आधी, त्याला गाडीत घालायच्या आधी, एकदा 'का?' असं विचारा.

पण थांबा, आबेलिनो बोलतो आहे.

"पोरी, तुझं खरं असेल. पण एवारिस्तो आपला अध्यक्ष आहे, त्याची लाज राख. दुकेचं नाव काढू नकोस. तो गुपचूप औषध देईल. पिवळ्याला पलीकडे सोडू, म्हणजे लोकही शांत होतील."

"लोकांना असंच सांगायचं असतं, बाळ," एवारिस्तो मऊ आवाजात म्हणतात. "तू अजून लहान आहेस."

रायेन उठते. माझी थाळी ताताच्या हातातून काढून घेते आणि टेबलाच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल अशी ठेवते.

"दुकेला औषध मिळेल, मुलांच्या आयांना खरं कारण कळेल, आणि चोक्लो इथेच राहील. मी गप्प बसणार नाही, ताता. कुणाची लाज राखण्यासाठीसुद्धा नाही."

एवारिस्तो कपात बघतात. आबेलिनो चष्मा काढतो आणि पुसत बसतो. दाराबाहेर चोक्लोची शेपटी फळीवर आपटते आहे.