हवेत थांबलेली लाठी

विजयसिंहची लाठी संयोगिताच्या डोक्यावर वीतभर अंतरावर येऊन थांबली आणि हवेत तशीच राहिली. तिनं ती अडवली नव्हती. तिची स्वतःची लाठी अजून गुडघ्याच्या खाली होती. आपला पवित्रा चुकला हे तिला कळलं होतं, आता डोकं फुटणार हेही कळलं होतं. पण लाठी थांबली, आणि दुसऱ्याच क्षणी कट्ट्यावरची पाण्यानं भरलेली कळशी उडून समोरच्या भिंतीवर आदळली.

मांजरानं पाडली असेल, असं कुणीतरी म्हणालं. विजयसिंहला वाटलं, आपणच वेळेत हात आवरला. "लागलं न्हाई न्हवं?" एवढं विचारून तो पुन्हा आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

दस्तगीर वस्ताद मात्र बराच वेळ कळशीकडं बघत होते. त्यांनी साठी ओलांडली होती. आठवडाभर ते सायकली दुरुस्त करायचे आणि रविवारी सकाळी रंकाळ्याजवळच्या एका मैदानावर लाठी आणि दांडपट्टा शिकवायचे. इतक्या वर्षांत त्यांनी बघितलेला प्रत्येक वार कुठं ना कुठं गेला होता: समोरच्या लाठीवर, अंगावर, नाहीतर मातीत. हा कुठंच गेला नव्हता.

सगळे पांगल्यावर त्यांनी संयोगिताला थांबवलं. ती सत्तावीस वर्षांची होती, वारणानगरला एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासायचं काम करायची आणि दर रविवारी स्कूटरवरून कोल्हापूरला यायची.

"पोरी, काय केलंस ते सांग."

"मला न्हाई माहीत, वस्ताद. लाठी येताना दिसली आणि नको वाटली. मग छातीत काहीतरी भरल्यासारखं झालं. ते टाकून दिलं."

"कुठं टाकलंस?"

"समोर कळशी दिसली, तिच्यात."

वस्ताद घाबरले नाहीत. त्यांनी तिला पुढच्या शनिवारी दुपारी दुकानात यायला सांगितलं.

त्या शनिवारी त्यांनी एक सायकल उलटी उभी केली आणि मागचं चाक जोरात फिरवलं. "थांबव," ते म्हणाले. चाक थांबलं. ब्रेक नाही, आवाज नाही. भिंतीवरच्या चित्रातलं चाक असावं तसं ते दिसायला लागलं. "आता दे." वर आकड्याला टांगलेलं दुसरं चाक गरगर फिरायला लागलं. वस्तादांनी खाली वाकून दोन्ही चाकं बघितली, आऱ्यांना बोट लावलं आणि म्हणाले, "पुन्हा."

अशा चार शनिवारांत बरंच कळलं. काढून घेतलेली गती नाहीशी होत नव्हती, ती संयोगिताच्या अंगात येऊन बसायची. सात श्वास तिला धरून ठेवता यायची. आठव्याला ती आपली आपण निघून जायची, आणि मग कुठं जाईल याचा नेम नसायचा. एकदा ती दुकानाच्या शटरमध्ये गेली आणि आवाजानं अर्धी गल्ली बाहेर आली. दोन लाठ्यांच्या अंतरापलीकडचं काही तिला धरता येत नव्हतं. तिनं स्वतः फेकलेला चेंडू मात्र कितीही जवळ असला तरी तिला थांबवता येत नव्हता. ते का, हे दोघांनाही कधी उलगडलं नाही. डेअरीत दुधाच्या नमुन्याशी वागायची सवय तिच्या कामी आली. ती एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची.

वस्तादांचं डोकं मात्र लढाईकडं गेलं.

"सगळी गती काढलीस तर माणूस दचकतोय, सावध हुतोय," ते म्हणाले. "पाव हिस्सा काढ. त्याला कळता कामा नये."

पाव हिस्सा काढला की समोरच्याचं पाऊल ठरल्या वेळी पडायचं आणि हात मागून यायचा. मधल्या वेळात त्याची बरगडी उघडी पडायची. ती काढलेली गती तिनं आपल्या लाठीत घातली तर तिचा वार डोळ्याला दिसायच्या आत लागायचा. त्याच्याच पुढच्या पायात घातली तर त्याचं न ठरवलेलं एक पाऊल पडायचं. पण हे सगळं खरंच चालतं का, हे बघायला तयारीचा गडी पाहिजे होता. मैदानावर तसा एकच होता. विजयसिंह बारा वर्षं खेळत होता.

"त्याला सांगायचं का?" संयोगितानं विचारलं.

"सांगितलं तर त्यो सावध खेळंल. मग खरं काय ते कळायचं न्हाई."

संयोगितालाही ते पटलं. डेअरीत नमुना कुठल्या गावचा आहे हे तपासणाऱ्याला सांगत नसत, ते तिला आठवलं.

नऊ रविवार विजयसिंह तिच्याकडून हरला. पहिल्या रविवारी तो हसला. तिसऱ्या रविवारी त्यानं लाठी बदलली. पाचव्या रविवारी संयोगिता आली तेव्हा तो घामानं भिजलेला होता; तासभर आधी येऊन एकटाच हात फिरवत बसला होता. सातव्या रविवारी त्याच्या मनगटाला पट्टा होता. नवव्या रविवारी त्यानं तिला वाकून नमस्कार केला, लाठी भिंतीला टेकवली आणि निघून गेला. त्यानंतरचे दोन रविवार तो आलाच नाही.

संयोगिता त्याचं घर शोधत कसबा बावड्याला गेली. दार त्याच्या आईनं, अंबूबाईनं उघडलं.

"ये, बस. त्यो मागं हाय, म्हशीला पाणी दावतोय," अंबूबाई म्हणाली. चहा ठेवता ठेवता तीच बोलायला लागली. "खालच्या कामावर घ्या म्हणून सायबाला अर्ज दिलाय त्यानं. वायरमन माणूस, पण खांबावर चढत न्हाई आता. हात उशिरा चालतोय म्हणतोय. दोन डॉक्टर झाले. नसा चांगल्या हायत म्हणत्यात, पण ह्याला पटत न्हाई. तारेला चुकून हात लागला तर काय, म्हणतोय."

संयोगितानं कप खाली ठेवला. नऊ रविवार तिनं विजयसिंहची लाठी बघितली होती, त्याचे पाय बघितले होते, बरगडी कधी उघडी पडते ते बघितलं होतं. सोमवारी हा माणूस विजेच्या खांबावर चढतो, हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

विजयसिंह हात पुसत आत आला. तिनं त्याला सगळं सांगितलं: कळशी, दुकानातली चाकं, पाव हिस्सा, नऊ रविवार. त्यानं मधे एकदाही तिला तोडलं नाही.

"मला बरं वाटावं म्हणून सांगतीयस," शेवटी तो म्हणाला.

"न्हाई, विजयदादा."

"वस्तादांनी पाठवलं असंल."

"मी आलेय ते त्यांना माहीतसुद्धा न्हाई."

त्यानं कोपऱ्यातली लाठी उचलली. दोघं घराच्या मागं गोठ्यासमोर गेले. "पूर्ण ताकदीनं मारतो. थांबव," तो म्हणाला आणि खांद्याच्या मागून लाठी आणली. ती तिच्या कानापाशी थांबली. दोन श्वासांनी गोठ्याच्या दारातली रिकामी बादली उडाली आणि म्हैस दोन पावलं मागं सरली.

विजयसिंहनं बादलीकडं बघितलं, मग आपल्या हाताकडं. "बादलीचं मला काय कळत न्हाई. पण हात माझाच थांबला असंल. त्योच तर रोग हाय."

"तुम्ही पूर्ण मारलं न्हाई," संयोगिता म्हणाली.

"काय?"

"निम्म्याहून कमी होतं. शेवटी मनगट आत ओढलंत. मला लागंल म्हणून."

विजयसिंहनं लाठी जमिनीला टेकवली. "दिसलं तुला?"

"दिसायला पूर्णच होतं. माझ्यात आलं ते हलकं होतं. नऊ रविवार पाव हिस्साच घेतला, पण त्यावरून पूर्ण वार कळायचा; असं हलकं कधीच न्हवतं. नवव्या रविवारी तर सगळ्यात जड होतं. तुमचा हात कधीच उशिरा आला न्हाई, दादा. मी काढून घेत होते."

आपण मनगट आत ओढलं, हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक असणं शक्य नव्हतं. तो गोठ्याच्या दगडावर बसला. म्हैस पुन्हा पुढं आली आणि त्याच्या खांद्याला नाक लावायला लागली.

"सोळा दिवस मी खांबावर चढलो न्हाई," तो म्हणाला. "रात्री झोपताना हाताची मूठ उघडून मिटून बघत हुतो."

"मी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं."

"व्हय. पाहिजे हुतं."

तो आत निघून गेला. संयोगिता अंबूबाईला सांगून निघाली. वारणानगरला पोचेपर्यंत तिला रस्ता नीट दिसला नाही.

तिनं वस्तादांना फोनवर सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान बंद ठेवलं आणि सायकलीवरून बावड्याला गेले. तिथं काय बोलणं झालं ते दोघांनीही कुणाला सांगितलं नाही. मंगळवारी दुपारी संयोगिताला अंबूबाईचा फोन आला. "चढला बाई आज," ती म्हणाली. "उतरून जेवायलापण आला."

महिन्याभरानं जयसिंगपूरला स्पर्धा होती. संयोगिता आणि विजयसिंह समोरासमोर आले. दुसऱ्या फेरीत त्याची लाठी येताना तिनं बघितली, छातीत जागा झाल्यासारखं वाटलं, आणि तिनं ती जागा बंद केली. वार मनगटावर लागला. डोळ्यात पाणी आलं, लाठी हातातून सुटली आणि मनगट धरून ती खाली बसली. विजयसिंह जिंकला.

"घेतलं न्हाईस?" तिला उठवताना त्यानं हळूच विचारलं.

"न्हाई."

"माहीत हाय. लागल्यावर कळलं मला."

पुढचे चार दिवस तिनं दुधाच्या नळ्या डाव्या हातानं धरल्या.

मनगट बरं झाल्यावरच्या रविवारी सगळे गेले तरी विजयसिंह मैदानावरच घुटमळत होता. वस्तादांनी त्याला काय पाहिजे ते विचारलं.

"खांबावर चढलो की सारखं डोक्यात येतंय," तो म्हणाला. "दोन बाजूंनी सारखाच वार एकदम आला तर? ही तेवढं घेणार कशी?"

वस्तादांनी संयोगिताकडं बघितलं. "तुझी इच्छा असंल तरच."

वस्ताद डावीकडं उभे राहिले, विजयसिंह उजवीकडं. तीन म्हटल्यावर दोन्ही लाठ्या आल्या आणि तिच्या दोन्ही कानांपाशी थांबल्या.

"दे आता," वस्ताद म्हणाले.

संयोगितानं आत शोधलं. छाती रिकामी होती. "द्यायला काही न्हाईच."

"असं कसं?"

तेवढ्यात तिला तळहात तापल्यासारखे वाटले. तिनं एक हात विजयसिंहच्या दंडावर ठेवला. त्यानं दंड झटकन मागं घेतला.

"भाजतंय की," तो म्हणाला, आणि मग स्वतःच पुढं होऊन तिचा दुसरा हात बघायला लागला. "समोरासमोरच्या दोन गती आतच एकमेकींवर आदळून तापल्या म्हणायच्या," म्हणत वस्तादही चष्मा काढून वाकले. संयोगिता दोन्ही तळहात वर धरून उभी होती. डेअरीतला थर्मामीटर आज आणायला पाहिजे होता, असं तिला वाटत होतं.