ग्लेनिसची शिक्षा

"मग 'हो' लिहू की 'नाही'?" मी विचारलं. ग्लेनिस खुर्चीच्या कडेवर टेकून कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या अर्जाकडे भेदरून बघत होती.

"काय विचारलंय ते परत वाच ना."

"तुमच्यावर कधी गुन्हा शाबीत झाला होता का?"

"झाला होता की. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

ठाऊक तर होतंच. खाणकामगारांच्या मोठ्या संपाच्या वर्षी खाणीच्या फाटकावर पोलीस तिच्या नवऱ्याला, रॉयला, फरफटत नेत होते. ग्लेनिस तिथेच संपकऱ्यांना सूप वाटत होती. ती तशीच धावली आणि हातातली पळी एका शिपायाच्या टोपावर हाणली. रात्र कोठडीत, सकाळी न्यायाधीशापुढे. पोचा आलेली ती पळी अजून आमच्या क्लबात बारच्या वर खिळ्याला टांगलेली आहे. इंग्लंडात यॉर्कशरमधल्या या गावची खाण बुजली, दुकानं गेली, पळी तेवढी राहिली. दर ख्रिसमसला कुणीतरी ती हकीकत सांगतो आणि दर वर्षी तो शिपाई थोडा अजून उंच होतो.

मी इथल्या शाळेत कारकून. रॉय गेल्यापासून ग्लेनिस दर मंगळवारी येते, वाचनात मागे पडलेल्या मुलांना शेजारी बसवून त्यांच्याकडून वाचून घेते. पैसे नाहीत, फक्त चहा. रूबी नावाची पोर तर तिच्याशिवाय कुणापुढे तोंड उघडत नाही. पण नव्या मुख्याध्यापिका, लोमॅक्सबाई, आल्या आणि त्यांनी फर्मान काढलं: मुलांजवळ बसणाऱ्या प्रत्येकाची पोलिसांकडून तपासणी. नियम बरोबरच आहे, मी नाही म्हणत नाही. तरी ग्लेनिसला तो प्रश्न विचारताना मलाच कसंतरी झालं.

"न्यायाधीश नेमकं काय म्हणाला होता?"

"त्याला सर्दी झाली होती गं. सगळं रुमालात बोलला. शांतता की काहीतरी, वर्षभर की काहीतरी. माझं लक्ष कुठं होतं? रॉयला पहाटेच सोडलं होतं, तो दारात उभा होता, त्याच्याकडे बघत होते. बाहेर आल्यावर म्हणाला, 'घ्या, आता बायको गुन्हेगार!' इतका हसला. मग मीही हसले."

"म्हणजे शिक्षा झाली की नाही?"

"रॉयला माहीत असणार," ती म्हणाली.

आठवडाभर तिने गावाला विचारून घेतलं. दीर डेरेक म्हणाला, "'नाही' लिही आणि मोकळी हो. इतकं जुनं मढं कोण उकरायला बसलंय?" क्लबातली ब्रेंडा भडकली, "'नाही' लिहितेस? मग ही पळी काय शोभेला टांगलीय आम्ही?" लोमॅक्सबाई म्हणाल्या, "खरं असेल ते लिहा." खरं काय तेच कुणाला ठाऊक नव्हतं, पण हे बाईंना कोण सांगणार? मला विचाराल तर मी रोज वेगळं उत्तर देत होते.

शेवटी ती येऊन म्हणाली, "'हो' लिही. खोटं लिहून पोरांपुढे बसणार नाही मी. काढलं तर काढलं."

पोलिसांचा दाखला येईपर्यंत ग्लेनिसचा मंगळवार बंद. रूबी माझ्या खिडकीशी यायची, "मिसेस थॅक्रे कुठायत?" विचारायची आणि उत्तर न ऐकताच जायची.

दाखला घरीच येतो, अर्जदाराच्या नावे. ग्लेनिस पाकीट न फोडता माझ्याकडे घेऊन आली. चांगला कोट घातला होता, अंत्यविधीला घालतात तो.

"तूच फोड. माझ्यानं होत नाही."

मी फोडलं. काही नोंद नाही. कागद उलटून पाहिला, मागेही काही नाही. मी लोमॅक्सबाईंना हाक मारली.

"शांतता राखीन अशी हमी घेऊन सोडलं असणार," बाई वाचून म्हणाल्या. "त्याला गुन्हा शाबीत होणं म्हणत नाहीत. अभिनंदन, मिसेस थॅक्रे!"

"पण मी कोठडीत होते."

"असाल. पण गुन्हेगार नव्हतात."

"कधीच?"

"कधीच नाही."

बाई हसत आत गेल्या. मी टाळी वाजवणार होते. ग्लेनिसचा चेहरा पाहिला आणि हात खाली घेतले.

"बालवाडी आठवते तुला?" तिने विचारलं. "खाण बंद झाल्यावर उघडली होती ती?"

आठवत होती. मदतनीस बायका हव्या होत्या. ग्लेनिसला मूल नव्हतं, मुलांवर जीव टाकायची. सुवाच्य अक्षरात अर्ज भरला आणि दिलाच नाही. रॉयला पसंत नसेल, असं आम्ही सगळे समजलो.

"त्या अर्जातही हाच प्रश्न होता," ती म्हणाली. "म्हटलं, तोंडावर नकार ऐकायला कशाला जा? मग बिस्किटांच्या कारखान्यात गेले. जन्मभर डबे भरले."

कुणाचा राग करावा तेच मला कळेना. रॉयचा? त्याने तर नुसती थट्टा केली होती.

"म्हणजे मला घेतलं असतं?"

"घेतलं असतं गं," मी म्हणाले.

तिने दाखल्याची घडी करून पर्समध्ये ठेवली. "आज मंगळवारच ना?" असं म्हणून कोटासकट वाचनाच्या कोपऱ्यात जाऊन बसली. रूबी धावत आली, पुस्तक उघडलं, ग्लेनिसने पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं.

मी दारातून बघत होते. रूबी अडखळत वाचत गेली, पान संपवलं. बोट पहिल्याच ओळीखाली होतं. रूबीने जरा वाट पाहिली, मग ते बोट हळूच उचलून बाजूला ठेवलं आणि पान उलटलं.