पुतळाबाईच्या भुईमुगातली बुरशी

मी मढच्या रेताड मातीतली एक जुनी बुरशी आहे. मुरडलंत ना नाक? मुरडा खुशाल! पाव, लोणचं आणि कपाटातल्या चपलांची वाट लावणारं आमचं गणगोत मलाही ठाऊक आहे. मी मात्र भुईमुगाच्या मुळांत राहते आणि त्याचा मला अभिमान आहे.

मित्रांनो, माझे धागे केसाहून बारीक. मूळ जिथे पोचत नाही, तिथून मी पाणी आणि मातीतलं सत्त्व ओढून आणते. बदल्यात झाड मला साखर देतं. पुतळाबाईच्या परसात हा संसार कित्येक वर्षं सुखाने चालला होता, पण तिला माझा पत्ताच नव्हता. शेंगा लगडल्या की कौतुक व्हायचं ते तिच्या हाताच्या गुणाचं. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

यंदा झाडांना जोर यावा म्हणून तिने सुक्या मासळीची कुटी, म्हणजे कुटून केलेलं खत, थेट खोडांना लावून ओतली. झालं! त्या मेजवानीवर माझी दूरची एक बहीण, खोड कुजवणारी पांढरी बुरशी, तुटून पडली. सात झाडांनी माना टाकल्या.

"आये, सगळा वाफा औषधात भिजवतो. बुरशी ती बुरशी!" मुलगा निमेश पाठीवर पंप चढवत म्हणाला.

पुतळाबाई रडकुंडीला आली. बियाणं सासूच्या वेळचं, घरचं. पीक गेलं तर वाणच संपणार होता. आणि त्या औषधाने मीही मेले असते.

पुतळाबाईची भाची ऋता बोरिवलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. मावशीचा फोन गेला तशी ती धावत आली. "थांब ना रे एक दिवस! आधी मुळं बघू दे." तिने एका निरोगी झाडाची मुळं नेली, शिजवली, निळ्या शाईत रंगवली आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शक घेऊनच आली.

पुतळाबाईने एक डोळा मिटून पाहिलं. माझा धागा न् धागा निळा दिसत होता. जन्मात पहिल्यांदा मला कोणीतरी पाहत होतं!

"अगो बाय, मुळांत जाळं टाकलंय कोनी?"

"बुरशीने, मावशी. त्याच जाळ्यातून झाडाला खाणं मिळतं."

"मंग निमेश, ठेव तो पंप. जाळं टाकनारीला मी नाय मारायची."

सात आजारी झाडं तेवढी मातीसकट काढली, कुटी खोडांपासून दूर सारली. बाकीचा वाफा तरला.

मित्रांनो, बुरशी दिसली की हात उगारण्याआधी एवढं विचारा, ही कोण आणि इथे काय करते?

काढणीनंतर पुतळाबाईने बियाणं बाजूला ठेवलं. मग नव्या वाफ्यासाठी निरोगी झाडांखालची टोपलीभर माती भरली, डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "चल गो बाय." परसात दुसरं कोणीच नव्हतं. ती मलाच म्हणाली.