माझ्या पोटात न पडलेली चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुनी तक्रारपेटी आहे. ढाक्याजवळ आशुलियात, शर्ट शिवणाऱ्या एका कारखान्याच्या जिन्यापाशी मी लटकते. पत्रेवाल्याने मला घडवलं, निळा रंग दिला, कुलूप घातलं. परदेशी पाहुणे आले की माझा फोटो काढायचे आणि मला भारी वाटायचं.

पण खरं सांगू? माझं पोट रिकामंच. कधी चॉकलेटचा कागद, एकदा तर मेलेली पाल.

तक्रारी जायच्या मोनोवारा खालाच्या डब्याकडे. खाला म्हणजे मावशी; बायकांनी कामगार समितीवर निवडून दिलेली शिलाईवाली. जेवणाच्या सुट्टीत तिच्या पोचे पडलेल्या, सुकटीचा वास मारणाऱ्या डब्याभोवती कोंडाळं करून सगळ्या मन मोकळं करायच्या. माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्या कळकट डब्यात असं काय होतं, जे माझ्यात नव्हतं?

एके सकाळी कोहिनूर माझ्यासमोर आली. तिला आठवा महिना होता आणि तपासणीच्या टेबलाशी ती दहा-दहा तास उभी असायची. खुर्ची मागितली तर सुपरवायझर मोतालेब म्हणाला होता, बसायचं असेल तर घरी बस. तिच्या हातात चिठ्ठी होती. माझी पहिली चिठ्ठी.

तेवढ्यात खालाने तिचा हात धरला.

"हिच्यात नको टाकूस गं. संध्याकाळी मोतालेबच उघडतो हिला. तुझं अक्षर ओळखेल आणि उद्या गेटबाहेर काढेल."

"मग काय करू, खाला?"

"दुपारी जेवायला ये माझ्याकडे."

दुपारी त्या मेल्या डब्याच्या झाकणावर कागद ठेवून एकीने एक शब्द लिहिला, दुसरीने पुढचा. 'पोटुशी बाई दिवसभर उभी आहे, तिला खुर्ची द्या.' आठ शब्द, आठ जणींचं अक्षर. समितीच्या बैठकीत खालाने तो कागद मॅनेजरसमोर ठेवला. कुणी लिहिलं, असं मोतालेबने दरडावून विचारलं, तर खाला म्हणाली, "आख्ख्या लाइनने." जिन्यात बायका हे हसत हसत सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी खुर्ची आली. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी त्या खुर्चीवरही जळले.

फार उशिरा माझ्या ध्यानात आलं. ती चिठ्ठी माझ्यात पडली असती तर मी दिवसभर मिरवलं असतं, आणि संध्याकाळी कोहिनूरची नोकरी गेली असती.

म्हणून मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका. माझी किल्ली तेवढी खालाकडे द्या. तोवर माझ्यात काही टाकू नका, मी कितीही आ वासून बसले तरी.