उजवीकडे न वळणारी पिकप

वडूजच्या ऋषिराजने चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानींखाली ठोकळे घालून आपली पिकप वीतभर उंच केली आणि तिला ट्रॅक्टरने हेवा करावा असे टायर बसवले, तेव्हा मित्रांनी चौकात नारळ फोडला. गाडीची गाडी राहिली नाही, रुबाब झाला. फक्त स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण फिरवलं, की पुढचा टायर मडगार्डला घासायचा आणि जळक्या रबराचा वास सुटायचा. ऋषिराजने यावर शांत डोक्याने उपाय काढला. त्याने उजवीकडे वळायचंच सोडलं. बाजारात जायलासुद्धा तो डावीकडून अख्ख्या गावाला वळसा घाली. कुणी विचारलंच तर म्हणे, "तिकडनं गर्दी असती."

त्याच्या आईची, रंगूबाईची, अडचण वेगळी होती. तिचे गुडघे धरलेले. पाय गाडीच्या पायरीपर्यंत पोचेना. मग ऋषिराज गाडी घराच्या ओट्याला भिडवी आणि आई ओट्यावरून थेट सीटवर बसे. पाहुण्यांकडे निघताना तो आधी फोनवर विचारायचा, "मामा, तुमच्यात ओटा केवढा हाय?" ज्यांनी घर नवं करताना ओटा काढला, त्यांच्याकडचं जाणं-येणं आपोआप तुटलं.

गुडघे दाखवायला मिरजेला जायचं होतं. वाटेत माधवनगरजवळ उजवं वळण टळेना. खर्रकन आवाज झाला आणि मडगार्डचा तुकडा रस्त्यावर पडला. जवळच बाहुबली मिस्त्रीचं गॅरेज होतं.

"सोपं हाय," वाकून बघत बाहुबली म्हणाला. "पत्रा कापू, आन् गाडी अजून वर उचलू. टायर मोकळा फिरंल."

"उचला," ऋषिराज खुशीत म्हणाला.

"मावशी, खाली या की," बाहुबली गाडीत बसलेल्या रंगूबाईला म्हणाला. "च्या सांगतो."

"नको बाबा. बरी हाय हितंच."

"मग पाणी तरी घ्या. ऊन किती हाय!"

"नको."

"आये, बाटली भरून दिलीया की," ऋषिराज म्हणाला. त्याने बाटली उचलली. ती तशीच भरलेली होती. "अगं, सकाळधरनं पाणी प्याली न्हाईस?"

"पाणी पिलं की उतराय लागतंय रं," रंगूबाई म्हणाली. "उतरलं की चढाय लागतंय."

ऋषिराजने बाटली खाली ठेवली. मग उगीच पुटपुटला, "पर आये, रस्त्यानं लोकं वळून बघत्यात..."

"बघत्यात की! मागल्या बाजारात तुझ्या दोस्तांनी मला जुंधळ्याच्या पोत्यागत वर ढकललं, तवाबी बघत हुती. पोतं बरं, लाजत तरी न्हाई. गाडी बघणाऱ्यांसाठी घेतलीस का बसणाऱ्यांसाठी? बघणारं बघून घरी जातंय, लेकरा. बसायचं आमाला हाय. अजून वर उचलणार असशील, तर मला एष्टी स्टँडवर सोड."

ऋषिराजने पुन्हा त्या भरल्या बाटलीकडे बघितलं. ज्या आईने त्याला कडेवर घेऊन अख्खं माळरान तुडवलं, ती त्याच्याच गाडीत तहानलेली बसली होती!

"दादा, पत्रा कापू नका," तो म्हणाला. "ठोकळे काढा. टायर पयल्या मापाचे घाला."

बाहुबलीने पाना खाली ठेवला. "गड्या, वर उचलायला लय जण येत्यात. खाली आणायला आलेला तू पयलाच."

ऋषिराज दारापाशी गुडघ्यावर बसला. आईने त्याच्या मांडीवर पाय टेकला आणि विचारलं, "लागतंय का रं?" त्याने तिचा हात धरून तिला अलगद खाली घेतलं. ती गॅरेजमागच्या बाहुबलीच्या घरात जाऊन आली, तांब्याभर पाणी घटाघटा प्याली आणि मग चहाला हो म्हणाली.

काम झालं. टायर दोन्ही बाजूंना बिनआवाज फिरले. रंगूबाई दाराची मूठ धरून, कुणाचाही हात न घेता, आपली आपण चढली.

तर बंधू-भगिनींनो, हौस जरूर करावी. गाडीची करावी, घराची करावी, लग्नाच्या मांडवाचीही करावी. पण त्याआधी घरातल्या सगळ्यात थकल्या माणसाला तिथवर एकट्याने पोचता येतं का, ते बघावं. येत नसेल तर कापायची ती हौस, पत्रा नव्हे. जो आपल्याच माणसाला तहान मारून बसायला लावतो, त्याला रुबाब म्हणत नाहीत.

सांगली मागे पडल्यावर रंगूबाईने उसाच्या रसासाठी गाडी थांबवायला लावली. उतरली, रस प्याली, चढली. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा म्हणाली, "थांबव रं."

"आता काय, आये?"

"काय न्हाई," ती उतरता उतरता म्हणाली. "उगंच."